राजाविरुद्ध उठणं हे पाप? अमेरिकन क्रांती आणि अँग्लिकन पाद्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन क्रांतीवर लिहायला लागल्यापासून एका विषयावरचे प्रश्न थांबतच नाहीत: चर्चमध्ये उभं राहून ‘क्रांती करू नका’ असं सांगणारे ते पाद्री कोण होते, आणि असं सांगण्यामागे त्यांचा आधार काय होता? प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळी इथे एकत्र केली आहेत. घाई असेल तर प्रश्न ६ आणि ७ आधी वाचा. खरी गंमत तिथे आहे.

१. अँग्लिकन म्हणजे नक्की कोण? कॅथलिक की प्रोटेस्टंट?

इंग्लंडचं सरकारी चर्च, म्हणजे ‘चर्च ऑफ इंग्लंड’, आणि त्यातून निघालेली चर्चेस. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये रोमच्या पोपशी नातं तोडलं आणि चर्चचं प्रमुखपद स्वतःकडे घेतलं. शिकवण बरीचशी प्रोटेस्टंट. पण बिशप, झगे आणि ठरलेली उपासना हे सगळं कायम राहिलं. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर मुंबईच्या फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल. ते १७१८ मध्ये उपासनेसाठी उघडलं ते कंपनीच्या इंग्रजांचं अँग्लिकन चर्च म्हणूनच. आज ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. या पानापुरती लक्षात ठेवायची गोष्ट एकच: या चर्चमध्ये राजा देशाचाही प्रमुख होता आणि चर्चचाही. त्यामुळे राजाविरुद्ध बंड केलं की दोन्ही घरांत आग लागायची.

२. बायबलमध्ये कुठे लिहिलंय की क्रांती करू नये?

नेहमीचे आधार तीन-चार. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय: प्रत्येकाने वरच्या अधिकाऱ्यांच्या अधीन असावं, कारण अधिकार देवानेच नेमलेले आहेत. पेत्राचं पहिलं पत्र, अध्याय दुसरा: देवाचं भय धरा, राजाचा मान राखा. नीतिसूत्रांतलं चोविसाव्या अध्यायातलं वचन: बदलाच्या मागे लागलेल्यांच्या नादी लागू नका. आणि दावीदाची गोष्ट. शौल राजा दावीदाच्या जिवावर उठला होता. तो गुहेत एकटा सापडला, तरी दावीदाने फक्त त्याच्या झग्याचा काठ कापला आणि तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खाऊ लागलं, कारण शौल कसाही असला तरी परमेश्वराचा अभिषिक्त होता.

पण सामान्य माणसाच्या कानावर हे सगळं पडायचं ते एका छापील प्रवचनातून. १५६९ मध्ये उत्तर इंग्लंडातल्या कॅथलिक सरदारांनी एलिझाबेथ राणीविरुद्ध उठाव केला. तो मोडल्यावर, १५७० मध्ये, आज्ञाभंग आणि बंडखोरीविरुद्धचं एक लांबलचक प्रवचन सरकारी आशीर्वादाने निघालं. सहा भागांचं. स्वतःचं प्रवचन करण्याचा परवाना नसलेल्या पाद्र्याने हेच वाचून दाखवायचं. त्यातला पहिला बंडखोर कोण? ल्युसिफर, म्हणजे सैतान. स्वर्गातच बंड करून तो खाली पडला आणि तेव्हापासूनचे सगळे बंडखोर त्याचे चेले. दुसरा मुद्दा अधिक धारदार आहे: राजा वाईट आहे की चांगला हे प्रजेने ठरवायचं म्हटलं, तर प्रजेतले सगळ्यांत वाईट लोकच ते आधी ठरवतील. दोनशे वर्षांनंतर अमेरिकेतले पाद्री बोलत होते त्याचा गाभा यात आलेला आहे.

३. मग राजा कितीही अन्याय करो, सोसतच राहायचं?

इथे बहुतेक वाचकांचा घोटाळा होतो. ‘राजा सांगेल ते करा’ अशी ही शिकवण नव्हती. राजाने देवाच्या आज्ञेविरुद्ध काही करायला सांगितलं, तर ते करायचं नाही. ‘माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’ हे प्रेषितांच्या कृत्यांतलं वचन त्यांनाही पाठ होतं. पण नकार दिल्यावर जी शिक्षा होईल ती मुकाट्याने भोगायची; हत्यार उचलायचं नाही. याला ते निष्क्रिय आज्ञापालन म्हणत.

कागदावर हे भित्रेपणाचं वाटतं, प्रत्यक्षात नव्हतं. १६८८ मध्ये राजा दुसऱ्या जेम्सने कॅथलिक आणि इतर पंथांना मोकळीक देणारा एक जाहीरनामा सगळ्या चर्चमधून वाचायला लावला. आर्चबिशप सँक्रॉफ्ट आणि सहा बिशपांनी नकार दिला. सातही जण टॉवर ऑफ लंडनमध्ये गेले, खटला चालला आणि ३० जूनला निर्दोष सुटले. लंडनने दिवाळी केली म्हणा ना. पुढे त्याच सातांपैकी पाच जणांनी काय केलं ते प्रश्न ११ मध्ये आहे.

४. म्हणजे हा गांधीजींचा सत्याग्रहच झाला की!

साम्य दिसतं: वाईट हुकूम मोडायचा, शिक्षा हसत घ्यायची. पण सत्याग्रह हे सरकारला वाकवण्यासाठी योजून, माणसं जमवून, तारीख ठरवून केलेलं आंदोलन. अँग्लिकन पाद्र्याच्या नकारामागे असा काही बेत नव्हता. त्याला आपला आत्मा वाचवायचा होता, कायदा बदलून घ्यायचा नव्हता. चहावरचा कर पाप नाही, म्हणून तो भरायचा आणि फार तर अर्ज करायचा. मिठावरच्या करासाठी दांडीला जाणं या पाद्र्यांना पटलं नसतं.

अहिंसा म्हणावी, तर तीही नाही. क्वेकर पंथाने सगळंच युद्ध नाकारलं होतं. अँग्लिकनांना राजाचं युद्ध चालत होतं. प्रश्न ८ मधला सीबरी तर राजनिष्ठ पलटणीचा धर्मगुरू होता.

५. शपथ, शपथ असं सारखं वाचतो. एवढं काय होतं त्या शपथेत?

अमेरिकेतल्या वसाहतींत क्रांतीपूर्वी एकही अँग्लिकन बिशप नव्हता. पाद्री व्हायचं तर बिशपचा हात डोक्यावर हवा, म्हणून तिथल्या तरुणाला जहाजाने अटलांटिक ओलांडून लंडनला जावं लागे. काही जण वाटेत बुडाले, काही देवीने गेले. जो पोचला त्याला दीक्षेच्या वेळी राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागे, देवाला साक्षी ठेवून.

आज आपण शपथेकडे सरकारी फॉर्मवरच्या सहीसारखं पाहतो. त्या माणसांसाठी शपथ मोडणं म्हणजे देवाचं नाव घेऊन खोटं बोलणं होतं. १७७६ मध्ये काँग्रेसने (वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने) स्वातंत्र्याचा ठराव केला म्हणून ती आपोआप सुटत नव्हती. बायबलच्या वचनांवर वाद घालता येतो. शपथेवर येत नाही. माझ्या मते रोमकरांस पत्रापेक्षा या शपथेनेच जास्त पाद्र्यांना धरून ठेवलं.

६. प्रार्थनेतून राजाचं नाव गाळलं असतं तर काय बिघडलं असतं?

हा प्रश्न जॉर्ज वॉशिंग्टनच्या एका सेनापतीलाही पडला होता. त्याची गोष्ट पुढे येते.

त्या काळी अँग्लिकन पाद्री मनाने प्रार्थना रचत नसे. १६६२ चं प्रार्थनापुस्तक समोर असे आणि त्यातलंच वाचायचं असे. रोजच्या सकाळच्या उपासनेत राजासाठी स्वतंत्र प्रार्थना. लितानीत (पाद्री आणि लोक आळीपाळीने म्हणतात त्या विनवणीत) पुन्हा राजा. प्रभुभोजनाच्या विधीत पुन्हा राजा. आणि मागणं नुसतं ‘राजा सुखी राहो’ एवढं नव्हतं. त्याला बळ दे, त्याच्या सगळ्या शत्रूंवर त्याला विजय दे, अशी ओळ त्यात आहे. १७७६ मध्ये हे शत्रू कोण? समोरच्या बाकांवर बसलेले शेतकरी आणि त्यांची सैन्यात गेलेली मुलं. वर लितानीत ‘राजद्रोह, गुप्त कट आणि बंड यांपासून, हे प्रभो, आम्हांला सोडव’. यातला ‘बंड’ हा शब्द यादवी आणि राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद पाहिल्यावर १६६२ मध्ये मुद्दाम घातलेला.

आता तो सेनापती. १७७६ मध्ये वॉशिंग्टन न्यूयॉर्कला होता. ट्रिनिटी चर्चचा पाद्री चार्ल्स इंग्लिस याला त्या सेनापतीचा निरोप आला की जनरल वॉशिंग्टन उपासनेला येणार आहेत, तेव्हा राजासाठीच्या त्या प्रार्थना गाळाल तर बरं. इंग्लिसने गाळल्या नाहीत. पुढे एका रविवारी सुमारे दीडशे हत्यारबंद लोक ढोल-बासरी वाजवत चर्चमध्ये शिरले. इंग्लिसनेच हे पत्रात लिहून ठेवलं आहे. बायका घाबरल्या, आता गोळी सुटणार असं सगळ्यांना वाटलं. हा वाचत राहिला आणि राजाची प्रार्थनाही म्हणाला. काही झालं नाही. लोक बसले, मग निघून गेले. त्याच सप्टेंबरच्या मोठ्या आगीत ट्रिनिटी चर्च जळालं.

दुसरीकडे फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चमध्ये ४ जुलै १७७६ रोजी, स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला त्याच दिवशी, चर्चच्या पंचांनी राजासाठीच्या प्रार्थना गाळायचं ठरवलं आणि प्रार्थनापुस्तकातल्या त्या ओळींवर लेखणी फिरली. दुसऱ्या दिवशी व्हर्जिनियाच्या अधिवेशनानेही तसाच ठराव केला. कनेक्टिकट आणि न्यूयॉर्ककडच्या बऱ्याच पाद्र्यांनी तिसरा मार्ग काढला: चर्चला कुलूप. ओळ म्हटली तर तुरुंग, गाळली तर शपथभंग. त्यापेक्षा उपासनाच नको.

७. व्यासपीठावर पिस्तुलं ठेवून प्रवचन करणारा पाद्री: खरं की दंतकथा?

तो जोनाथन बाउचर. इंग्लंडच्या कंबरलंडचा, १७५९ मध्ये शिक्षक म्हणून व्हर्जिनियात आलेला, १७६२ मध्ये दीक्षा घेतलेला. वॉशिंग्टनचा सावत्र मुलगा त्याच्याकडे शिकायला होता, दोघांत घरोबा होता. आणि तो काही लंडनचा भाट नव्हता. १७६५ च्या स्टॅम्प कायद्यावर (वसाहतींतल्या छापील कागदांवर ब्रिटिशांनी लावलेल्या करावर) तो वसाहतवाल्यांइतकाच चिडला होता.

१७७५ मध्ये मेरीलँडमध्ये त्याला धमक्या यायला लागल्या. त्याच्याच आठवणींनुसार सहा महिन्यांहून जास्त काळ तो समोरच्या गादीवर दोन भरलेली पिस्तुलं ठेवून प्रवचन करत होता. उपासाच्या एका दिवशी दोनशेएक हत्यारबंद माणसांनी त्याला व्यासपीठावर चढू दिलं नाही. तेव्हा त्याने त्यांच्या म्होरक्याची कॉलर धरली, घोडा चढवलेलं पिस्तूल त्याला लावलं आणि तसाच त्याला घेऊन आपल्या घोड्यापर्यंत चालत गेला. या सगळ्याला साक्षीदार मुख्यतः तो स्वतःच, आणि हा माणूस गोष्ट सांगण्यात तरबेज होता. तेव्हा हे थोडं सावधपणेच घ्या. निष्क्रिय आज्ञापालन शिकवणाऱ्याच्या हातात पिस्तूल कसं, असं हमखास विचारतात. तर ती शिकवण राजाविरुद्ध हात न उचलण्याची होती. गावगुंडांना ती लागू नव्हती.

त्याचा युक्तिवाद पिस्तुलापेक्षा जास्त दखल घेण्याजोगा आहे. फिलाडेल्फियाच्या जेकब डुशे या पाद्र्याने जुलै १७७५ मध्ये गलतीकरांस पत्रातल्या ‘ख्रिस्ताने दिलेल्या स्वातंत्र्यात टिकून राहा’ या वचनावर सैनिकांपुढे प्रवचन केलं होतं. बाउचरने तेच वचन घेतलं आणि म्हटलं, इथे पौल (ही पत्रं लिहिणारा प्रेषित) पापापासूनच्या सुटकेविषयी बोलतोय, करापासूनच्या नव्हे. सरकार लोकांच्या संमतीने बनतं हे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचं म्हणणं त्याला मुळातच फसवं वाटत होतं. संमती आज दिली तर उद्या काढूनही घेता येते. मग बहुमताच्या संमतीला अल्पमताने का मानावं? अल्पमतानेही आपलं वेगळं सरकार थाटावं, आणि त्यातल्या अल्पमतानेही. याला शेवट कुठे? त्याच्या मते सत्तेचा उगम कुटुंबात, आदामापासूनच्या बापाच्या अधिकारात होता. उगमाची ही गोष्ट आज कुणी मनावर घेणार नाही, मीही नाही. पण आधीचा तो प्रश्न शिल्लक राहतो, आणि अमेरिकेलाच १८६१ च्या यादवीत त्याचा सामना करावा लागला.

ऑगस्ट १७७५ मध्ये त्याने वॉशिंग्टनला मैत्री तोडणारं पत्र लिहिलं आणि सप्टेंबरमध्ये इंग्लंडचं जहाज धरलं. १७९७ मध्ये त्याने आपली तेरा प्रवचनं छापली आणि अर्पण केली, कुणाला? जॉर्ज वॉशिंग्टनला. डुशेचं प्रवचनही त्यालाच अर्पण होतं. छापताना बाउचरने जुना मजकूर किती सुधारला यावर अभ्यासकांत वाद आहे, म्हणून त्यातलं प्रत्येक वाक्य १७७५ चं समजू नये.

८. हॅमिल्टनशी वाद घालणारा तो ‘शेतकरी’ खरंच पाद्री होता का?

(एका गाजलेल्या संगीतिकेमुळे हा प्रश्न फार येतो.) हो, सॅम्युअल सीबरी. कनेक्टिकटमध्ये जन्मलेला, न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टरचा पाद्री, शिवाय डॉक्टरी शिकलेला. १७७४ च्या अखेरीस त्याने ‘वेस्टचेस्टरचा शेतकरी’ या टोपणनावाने काँग्रेसविरुद्ध पत्रकं काढली. त्यांना उत्तर दिलं ते किंग्ज कॉलेजात शिकणाऱ्या, विशीही न गाठलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टनने (पुढे अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री).

पण त्या पत्रकांत बायबल फार सापडणार नाही. त्यात आहे जवस, लोणी आणि मेंढ्या: ब्रिटिश मालावर बहिष्कार घातला तर शेतकऱ्याचं काय होईल. सीबरीचा राग राजाविरुद्ध उठलेल्यांपेक्षाही बहिष्कार पाळला जातोय का हे पाहायला घराघरांत डोकावणाऱ्या समित्यांवर होता. गुलामच व्हायचं असेल तर निदान राजाचा होईन, असं तो म्हणतो. खाल्लंच जाणार असेन तर सिंहाच्या जबड्यात जाईन, उंदीर-घुशींनी कुरतडून मरणार नाही. नोव्हेंबर १७७५ मध्ये त्याच उंदीर-घुशींनी त्याला पकडून सुमारे महिनाभर न्यू हेवनला डांबलं.

९. सगळेच अँग्लिकन पाद्री राजाच्या बाजूचे होते का?

मुळीच नाही. वॉशिंग्टन स्वतः आपल्या चर्चचा पंच होता आणि जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या छप्पन्न जणांत अँग्लिकन घरांतले निम्म्याहून अधिक होते. ढोबळपणे सांगायचं तर उत्तरेला अँग्लिकन थोडे, भोवती प्युरिटन (चर्च ऑफ इंग्लंड न पटलेल्या कडव्या प्रोटेस्टंट) वंशाचे विरोधक, आणि पाद्र्यांचा पगार लंडनच्या धर्मप्रसारक संस्थेकडून. तिथे बहुतेक राजनिष्ठ. दक्षिणेला, विशेषतः व्हर्जिनियात, चर्च मळेवाल्यांच्या मुठीत. तिथे पुष्कळ पाद्री क्रांतीच्या बाजूने.

आणि काही दोन्हीकडचे. तोच डुशे पाहा. सप्टेंबर १७७४ मध्ये पहिल्या काँग्रेसमध्ये पस्तिसावं स्तोत्र वाचून त्याने प्रतिनिधींच्या डोळ्यांत पाणी आणलं. १७७७ मध्ये ब्रिटिशांनी फिलाडेल्फिया घेतल्यावर त्याला अटक झाली, आणि ऑक्टोबरमध्ये त्याने वॉशिंग्टनला पत्र लिहिलं की जाहीरनामा मागे घ्यायला लावा. वॉशिंग्टनने ते पत्र काँग्रेसपुढे ठेवलं. डुशे इंग्लंडला निघून गेला.

१०. खरं सांगा, हे सगळं पगारासाठीच होतं ना?

पगाराचा संबंध होता, पण हिशोब तितका सरळ नाही. व्हर्जिनियातल्या पाद्र्याला वर्षाला सोळा हजार पौंड (वजनी) तंबाखू मिळत असे, कारण तिथे चलनच तंबाखू. १७५८ मध्ये पीक बुडून भाव चढला, तेव्हा विधिमंडळाने तंबाखूऐवजी पौंडामागे दोन पेनी द्यायचं ठरवलं. पाद्री राजाकडे गेले, राजाने तो कायदा रद्द केला आणि १७६३ मध्ये नुकसानभरपाईच्या खटल्यात पॅट्रिक हेन्री या तरुण वकिलाने अशी तोफ डागली की ज्यूरीने पाद्र्याला भरपाई दिली एक पेनी. राजाने ज्यांची बाजू घेतली त्या व्हर्जिनियाच्या पाद्र्यांपैकीच पुढे कितीतरी क्रांतीकडे गेले. उलट, राजनिष्ठ राहून इंग्रजांच्या देशात पळून गेलेल्यांनी घरदार, चर्चची नेमणूक, उत्पन्न सगळं गमावलं.

११. पण १६८८ मध्ये इंग्रजांनीच राजा हाकलला होता. मग हे कुठल्या तोंडाने बोलत होते?

हा खरा कठीण प्रश्न, आणि त्यांनाही तो टोचत असे. तिसरा जॉर्ज गादीवर होता तो १६८८ मुळेच. नेहमीचं उत्तर असं: जेम्सला कुणी काढलं नाही, तो पळाला, गादी रिकामी झाली, देवाने ती भरली. दुसरं उत्तर: विरोध करायचा नाही तो राजा नावाच्या माणसाला नव्हे, तर पार्लमेंटसह राजा या सर्वोच्च सत्तेला. दोन्ही उत्तरांत वकिली जास्त आहे, असं माझं मत.

ज्यांना ही वकिली जमली नाही त्यांनी किंमत मोजली. जेम्सला शपथ दिलीय, तो जिवंत आहे, मग त्याच्या जागी आलेल्या विल्यमला कशी देऊ? असं म्हणून सुमारे चारशे पाद्र्यांनी नवी शपथ नाकारली आणि १६९० मध्ये त्यांची पदं गेली. त्यांत आर्चबिशप सँक्रॉफ्ट होता. प्रश्न ३ मधल्या सातांपैकी पाच जण असे निघाले: जेम्सच्या हुकुमाला नकार देऊन तुरुंगात गेलेले, आणि त्याच जेम्ससाठी पद सोडायला तयार झालेले.

१२. क्रांतीच्या बाजूचे धर्मगुरू रोमकरांस पत्राचं काय करत?

तेच वचन पुढे वाचत. पौल म्हणतो, अधिकारी हा तुझ्या भल्यासाठी नेमलेला देवाचा सेवक आहे. बॉस्टनच्या जोनाथन मेह्यूने (हा अँग्लिकन नव्हे) १७५० मध्येच, पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदाच्या दिवसाच्या निमित्ताने, मांडलं होतं की जो भलं करत नाही तो त्या वर्णनात बसतच नाही. मग त्याच्या अधीन राहायचा प्रश्न कुठे येतो? अँग्लिकनांतही पळवाट काढणारे होते. विल्यम पेली या आर्चडीकनने (बिशपच्या हाताखालच्या वरिष्ठ पाद्र्याने) १७८५ मध्ये सरळ लिहिलं की प्रतिकार करावा की नाही हा फायद्या-तोट्याचा हिशोब आहे, आणि तो ज्याचा त्याने करायचा.

१३. जॉन वेस्ली कुठे बसतो? तो तर मेथडिस्ट.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा वेस्ली मरेपर्यंत अँग्लिकन पाद्रीच होता. १७७५ मध्ये त्याने अमेरिकन वसाहतींना शांतपणे समजावणारं पत्रक काढलं. त्यातला बराच मजकूर इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सनच्या पुस्तिकेतून, नाव न घेता, उचललेला. टॉपलेडी नावाच्या दुसऱ्या अँग्लिकन पाद्र्याने ही चोरी चव्हाट्यावर आणली. अमेरिकेतल्या मेथडिस्ट प्रचारकांना मात्र त्या पत्रकामुळे राजाचे हस्तक म्हणून मार खावा लागला.

१४. फ्रेंच क्रांतीच्या वेळीही हेच घडलं का?

युक्तिवाद तेच, पण ऐकणारे बदलले. ३० जानेवारी हा पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदाचा दिवस. त्याची खास उपासना प्रार्थनापुस्तकात होती (ती १८५९ मध्ये निघाली). १७९३ मध्ये त्या दिवशी बिशप हॉर्सलीने वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत उमरावांपुढे प्रवचन केलं. सोळाव्या लुईचं डोकं उडून नऊ दिवस झाले होते. प्रवचन शेवटाकडे आलं तेव्हा सगळी सभा उठून उभी राहिली. बाउचरला पिस्तुलं लागली होती, हॉर्सलीला नाही.

१५. युद्ध हरल्यावर या पाद्र्यांचं काय झालं?

बाउचर लंडनजवळच्या एप्समचा पाद्री झाला आणि १८०४ मध्ये वारला. इंग्लिस १७८७ मध्ये आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचा पहिला बिशप झाला. राजनिष्ठ निर्वासितांनी भरलेला तो प्रदेश.

सीबरी अमेरिकेतच राहिला आणि कनेक्टिकटच्या पाद्र्यांनी त्याला बिशप म्हणून निवडलं. तो लंडनला गेला. पण इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे बिशप होताना राजाची शपथ घ्यावी लागे आणि अमेरिकेचा नागरिक ती घेऊ शकत नव्हता. ज्या शपथेला तो युद्धभर जागला तीच आडवी आली. वर्षभर उंबरठे झिजवून तो स्कॉटलंडला गेला. तिथे १६८८ नंतर शपथ नाकारलेल्यांच्या (प्रश्न ११) परंपरेतले बिशप होते. १४ नोव्हेंबर १७८४ रोजी अ‍ॅबरडीनमध्ये, एका घराच्या माडीवरच्या खोलीत, तिघांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला अमेरिकेचा पहिला अँग्लिकन बिशप केलं. ते तिघे त्या वेळीही उपासनेत तिसऱ्या जॉर्जचं नाव घेत नव्हते. स्टुअर्ट घराण्याचा चार्ल्स एडवर्ड (दुसऱ्या जेम्सचा नातू आणि गादीचा दावेदार) जानेवारी १७८८ मध्ये रोमला वारला, त्यानंतर कुठे त्यांनी ते घ्यायला सुरुवात केली. सीबरीला मात्र पलटणीच्या नोकरीचा अर्धा पगार जॉर्जच्या खजिन्यातून येतच राहिला.